बासष्ट टोले

घंटा मोजायची नाही, असं मी माझ्या सुनांना सांगते आणि स्वतः मोजते. आमच्या वेळचं कुणीही हेच करत असेल. आमच्या गावात माणूस गेलं की त्याच्या वयाइतके टोले पडायचे. एका टोल्यानंतर दुसरा यायला एवढा वेळ, की मध्ये बाईनं सुईत दोरा ओवून घ्यावा. शेतातली, खाणीतली, नदीवर धुणं आपटणारी, सगळी माणसं हातातलं काम थांबवून मोजत उभी राहायची. सातावर घंटा थांबली की कुणाचं लेकरू ते कळायचं. चौऱ्याऐंशीवर थांबली तर बायका म्हणायच्या, सुटली बिचारी. गाव लहान, प्रत्येकाचं वय प्रत्येकाला पाठ. निरोप्या धाडावा लागत नसे.

ते टोले माझे सासरे देत. चर्चच्या घंटाघराला लागून दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही राहायचो. सासरे, सासूबाई, माझा नवरा आणि मी. घंटा ज्याच्या हातात, खोल्या त्याच्या, असा रिवाज होता. भिंती जाड, छप्पर कौलारू, विहीर दारात. थडगी खणायचं कामही सासऱ्यांचंच. लोक त्यांना टोलेबाबा म्हणायचे.

आणि टोलेबाबा ठार बहिरे होते.

हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. माझ्या हातून पाण्याचा हंडा त्यांच्या पाठीमागे फरशीवर पडला. कुत्रं भुंकत पळालं, शेजारणीनं खिडकी उघडली, आणि सासरे शांतपणे चपलेचा अंगठा शिवत बसले होते. सासूबाईंनी माझं मनगट धरून मला आत ओढलं.

"बघितलंस?"

"हो, आत्या."

"मग गिळून टाक. चौतीस वर्षं त्या घंटेखाली उभं राहून कान गेलेत त्यांचे. बाहेर कळलं, तर बहिरा घंटेवर कशाला ठेवायचा, असं म्हणतील. मग आपण चौघं कुठं?"

घरात ही गोष्ट आम्हा चौघांनाच ठाऊक होती. बाहेर फक्त एकाला, आमच्या फादरना. त्यांना आल्या आल्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण ते सासऱ्यांना घेऊन घंटाघराच्या मधल्या मजल्यावर गेले, तिथल्या खिडकीतून खालचं अंगण दाखवलं आणि खुणा ठरवल्या. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर फादर दारात येऊन उजवा हात वर करत, की नेहमीची घंटा. कुणी गेल्याची खबर आली की फादर अंगणात येऊन चष्मा काढून झग्याच्या टोकानं पुसत, की मृत्यूचे टोले. मग बोटांनी वय दाखवत, आधी दहाचे, मग सुटे. सतरा वर्षं हे चाललं. लोकांना वाटायचं, मरणाची खबर ऐकून फादरना गहिवरून येतं. चष्म्याशिवाय त्यांना खालच्या पायरीचं काही दिसत नसे, पण तेवढं ते सोसत.

त्या हिवाळ्यात ताप आला. सुरुवात झाली खाणीवरच्या पत्र्याच्या चाळीत, आणि दोन महिन्यांत अकरा माणसं गेली. अकरापैकी सात चाळीतली. माझा नवरा त्याच खाणीत दगड फोडायचा, पण रात्री आमच्या खोल्यांत झोपायला यायचा, म्हणून वाचला असं सासूबाई म्हणायच्या. घंटा सुरू झाली की बायका पोरांची तोंडं पोटाशी दाबून मोजायच्या. लोहाराच्या धाकट्या मुलाचे सहा टोले पडले, तेव्हा लोहार भात्यापाशी बसून होता. त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं सातव्याची वाट बघितली. तो स्वतःच नंतर सांगायचा, "म्हटलं, चुकून एखादा जास्त पडेल."

मग ताप उतरला. महिनाभर मृत्यूची घंटा वाजली नाही. एकेकाचा चेहरा उजळायला लागला. मला सहावा महिना लागला होता, वय वीस. आणि तेव्हाच वरून पत्र आलं, की फादरनी आता दुसऱ्या गावी जायचं आणि त्यांच्या जागी नवे फादर येणार.

नवे फादर आठ दिवस आधीच आले. वय कोवळं, अंगानं काटकुळे, बुटांना धूळ लागलेली त्यांना खपायची नाही. सगळीकडे हिंडून बघायचे, कौलं, विहिरीचा रहाट, बाकांचे पाय. वाईट नव्हते. पण ज्याच्या हातात आपलं छप्पर, तो माणूस छपराकडे बघायला लागला की आपणही वर बघायला लागतो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सासरे अंगण झाडत होते आणि नवे फादर त्यांच्या पाठीमागून आले.

"बाबा, घंटेचा दोर बदलला होता का एवढ्यात?"

सासरे झाडतच होते.

"बाबा!"

मी विहिरीवर होते. हातातली बादली सोडून मी सासऱ्यांच्या समोर धावले आणि डोळ्यांनी मागं बघा असं सांगितलं. सासरे वळले, हात जोडले.

"मी विचारलं, दोर बदललाय का?"

सासऱ्यांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. जुन्या फादरचे ओठ त्यांना वाचता यायचे. हे ओठ नवे होते.

"सहाला," सासरे मोठ्यानं म्हणाले. "रोज सहाला. एक मिनिट इकडं नाही का तिकडं नाही."

नवे फादर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "म्हणजे दोर रोज सहाला तपासतात, फादर. झिजलाय का बघतात."

"रोज?"

"रोज."

"वय झालंय त्यांचं," नवे फादर सावकाश म्हणाले. "एवढ्या पायऱ्या चढायच्या, ओढायचं. आणि हे वय मोजत टोले द्यायचे, हा काय प्रकार आहे? माणसांना भेदरवून टाकायचं. तीन टोले पुरेत. बघू आपण काहीतरी."

ते "बघू आपण काहीतरी" मी घरात आणलं आणि घराचा नूर गेला. सासूबाई चुलीपुढं बसून राहिल्या. नवरा आल्यावर म्हणाला, "काढलंच तर काढू देत. खाणीवर चाळीत खोली मिळते मला. मुकादम म्हणाला, चार रिकाम्याच आहेत."

"रिकाम्या का आहेत ते नाही सांगितलं मुकादमानं?" सासूबाई म्हणाल्या. "त्यात मेलेल्यांच्या चटया अजून पडल्यात. सहावा महिना चालू असलेली पोर तिथं नेऊन झोपवतोस? डोकं आहे का खडी भरलीय?"

त्या आठवड्यात मी रात्री पोटावर हात ठेवून झोपायची, आणि पोटातलं हललं नाही की उठून बसायची.

सासूबाई जुन्या फादरकडे दोनदा जाऊन आल्या. "तुम्ही त्यांना नीट सांगा, फादर. खुणा शिकवा. तुमच्या तोंडून गेलं तर ऐकतील."

"सांगतो," ते म्हणाले. "योग्य वेळ बघून सांगतो."

निरोपाच्या आदल्या दिवशी त्या पुन्हा विचारायला गेल्या. फादर पुस्तकं खोक्यात भरत होते. खाली मान घालून म्हणाले, "उद्या गाडीत बसायच्या आधी नक्की सांगतो." सासूबाई घरी येऊन मला म्हणाल्या, "ते पण घाबरतात गं. सतरा वर्षं झाकलं, ते नव्या माणसाला कसं सांगायचं म्हणून."

निरोपाचा दिवस कामाचा होता. खाण चालू होती, म्हणून नवरा कामावर. बाकी गाव झाडून आलेलं. फादरनी शेवटची मिस्सा केली. प्रवचनात ते फार बोलले नाहीत. "बासष्ट वर्षांचा झालो," म्हणाले, "त्यातली सतरा तुमच्यात गेली. ती माझी चांगली वर्षं." तेवढ्यावरच बायकांनी रडायला सुरुवात केली. शिंपीण तर आल्यापासूनच रडत होती. फादरच्या तिन्ही झग्यांच्या बाह्या तिनंच उसवून पुन्हा शिवल्या होत्या. ती म्हणायची, "आता कुणाच्या बाह्या शिवायच्या?" तिचा नवरा म्हणाला, "माझ्या शिव की, दोन वर्षं झाली सांगतोय."

मिस्सा संपली. अंगणात गाडी उभी होती, खोकी चढवलेली. मुलांनी निरोपाचं गाणं बसवलं होतं, पंधरा दिवस घसा कोरडा करत होती ती. ठरलं होतं असं: फादर दारात येतील, उजवा हात वर करतील, सासरे घंटा देतील आणि घंटा थांबली की गाणं. मी दारापाशी भिंतीला टेकून उभी होते. शेजारी नवे फादर. वर खिडकीत सासऱ्यांचा चेहरा दिसत होता, दोर हातात.

फादर दारात आले. समोर सगळी माणसं. पुढच्या रांगेत लोहार, त्याची बायको, आणि दोघांच्या मध्ये त्यांची उरलेली एकटी मुलगी. फादरनी तिच्याकडे बघितलं. उजवा हात वर करायला म्हणून उचलला आणि तो हात तसाच चष्म्याकडे गेला. त्यांना रडू आलं होतं, खरं रडू. त्यांनी चष्मा काढला आणि झग्याच्या टोकानं पुसायला लागले.

मी वर बघितलं. मला ओरडायचं होतं, पण ओरडून कुणाला ऐकू जाणार होतं?

पहिला टोला पडला.

जड, एकटा. अंगणातली सगळी माणसं एका क्षणात गप्प झाली, रडणारीसुद्धा. जो तो शेजारच्याकडे बघायला लागला, कोण कमी आहे म्हणून. दुसरा पडला. तिसरा. कुणीतरी म्हणालं, "कोण गेलं?" सगळे मोजत होते. मीही मोजत होते. मला ठाऊक होतं कुणी मेलेलं नाही, तरी मोजत होते.

फादरनी चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. त्यांना बघून पुढच्यांनी हात वर केले, मग सगळ्यांनीच. "थांबवा! टोलेबाबा, थांबा!" पन्नास-साठ माणसं, शंभरावर हात. वरून सासऱ्यांना बोटंच बोटं दिसली असणार. पुढं ते आम्हाला म्हणाले, "सगळे आकडा दाखवत होते. कुणाचा धरू?"

आठ झाले. लोहार घंटाघराकडे धावला. पायऱ्यांच्या तोंडाशी पोचला तेव्हा नववा पडला, आणि मागून त्याची बायको किंचाळली, "आत्ता नको! पोर दहाची आहे! आत्ता थांबवू नका!"

लोहार तिथंच थांबला. तापाच्या दोन महिन्यांत ज्याच्या वयावर घंटा थांबली, ते माणूस मातीत गेलं होतं. आता उलट झालं तर? घंटा आधी थांबली आणि माणूस मागून गेलं तर? हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. दहावा टोला पडला आणि लोहार दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभा राहिला. अकरावा पडल्यावर त्यानं श्वास सोडला.

"आता जा वर!" शिंपिणीचा नवरा ओरडला.

"बारा जाऊ दे!" कुणीतरी म्हणालं. "माझा भाचा!"

"चौदा जाऊ दे!"

मग कुणी थांबवायचं नावच काढेना. एकेक टोला म्हणजे एकेक घर. ज्याचा आकडा येई तो डोळे मिटून घेई, आकडा गेला की तोंड पुसून शेजारच्याकडे बघे, आणि त्या नजरेत आता पुढचं तुझं तू बघ, असं असे. ही माझी माणसं. आजाऱ्याला उचलून नेणारी, मला माहेर नाही म्हणून पहिल्या महिन्यापासून आळीपाळीनं विचारपूस करणारी. त्या घटकेला त्यांच्यात कुणी कुणाचं नव्हतं.

आणि मी वेगळी होते असं नाही. सतरा झाले, अठरा झाले. लोहार आता मोकळा होता, त्याचा आकडा गेला होता. तो म्हणाला, "बास, जातो मी वर," आणि पहिल्या पायरीवर चढला. एकोणीस पडला.

"वीस जाऊ द्या!" मी ओरडले. पोट दोन्ही हातांनी धरून ओरडले. "दादा, पाया पडते, वीस जाऊ द्या!"

तो माझ्याकडे बघत थांबला. विसावा पडला. पोटातलं लेकरू हललं. मग एकविसावा पडला. सासूबाईंनी मला भिंतीशी बसवलं. त्या स्वतः एकोणसाठच्या होत्या. "अजून लांब आहे माझं," म्हणाल्या. चेष्टा करत होत्या की खरंच, मला कळलं नाही.

तीस झाले. चाळीस झाले. सासऱ्यांचे हात दमायला लागले असणार, कारण टोल्यांमधलं अंतर वाढायला लागलं. अंतर वाढलं की लोक माना वर करून खिडकीकडे बघत, आता थांबला की काय म्हणून. गावातली सगळ्यांत म्हातारी सुईण काठी टेकून उभी होती. अर्ध्या अंगणाला तिनंच जन्माला घातलं होतं. ती एकदम म्हणाली, "म्हणजे मला ओलांडून जायचंय तर. त्र्याण्णव. तोवर त्याचे हात उरतील का रे?"

कुणी हसलं नाही. ती मात्र खदखदून हसली, एकटीच.

पंचेचाळिसाव्याला फादर दारातून खाली उतरले. गुडघे धरून चालायचे ते. गर्दी आपोआप बाजूला झाली. लोहारापाशी आल्यावर म्हणाले, "सर बाजूला."

"फादर, माझा भाऊ सत्तेचाळीसचा..."

"मला ठाऊक आहे तो केवढा आहे. मला चढायला वेळ लागतो. सर."

ते आत गेले. आम्ही खाली मोजत राहिलो. पन्नास. पंचावन्न. खिडकीत सासऱ्यांच्या मागं फादरचं डोकं दिसलं. ते पोचले होते. हात लांब केला असता तर दोर हातात आला असता. सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. अठ्ठावन्नला त्यांची बोटं रुतली. एकोणसाठ. फादरनी दोराला हात लावला नाही. साठ. माझ्या खांद्यावरची बोटं सैल झाली. एकसष्ट.

तेव्हा कुठं शिंपिणीच्या लक्षात आलं. ती "नको" म्हणाली, अगदी हळू, आणि कुणी तिला साथ दिली नाही.

बासष्टावा पडला आणि फादरनी सासऱ्यांच्या हातांवर आपले हात ठेवले.

पुढचं आधीच सांगून टाकते. फादर त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. पण त्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही नव्हतं.

ते खाली आले, एका हातानं भिंत धरून. अंगणात येऊन एवढंच म्हणाले, "माझा आकडा होता. आता भिऊ नका. घरी जा." नव्या फादरजवळ थांबून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. चार शब्द असतील, जास्त नाही. मग गाडीत बसले. गाणं कुणी म्हटलं नाही. शिंपीण सोडून एकाही बाईला रडू आलं नाही. सकाळभर रडलेल्या बायका खाली बघत उभ्या होत्या, कारण प्रत्येकीला हायसं वाटत होतं आणि तेच लपवायचं होतं. गाडी वळणाआड गेली तरी हात हलवायला कुणाचा हात उठला नाही.

तेवढ्यात खाणीच्या वाटेनं माझा नवरा धावत आला. पायांत एकच चप्पल. घंटा सुरू झाल्यावर त्यानं मोजायला घेतलं होतं, पण धावता धावता आकडा चुकला, आणि चुकला तो विसाच्या आसपास. मला भिंतीशी बसलेली बघून तो माझ्यापुढं मातीत बसला आणि माझी पावलं हातांत धरून ठेवली. धाप लागली होती त्याला.

लोक पांगले. नवे फादर कुठं दिसेनात. सासूबाई आम्हाला घरात घेऊन आल्या आणि भांडी एका चादरीत ठेवायला लागल्या. पातेलं, त्यात वाट्या, त्यावर ताटल्या.

"आई, अजून कुणी काही बोललं नाहीये," नवरा म्हणाला.

"बोलायचं काय राहिलंय? कानाशी सांगून गेलेत ते. हाकलून द्यायच्या आधी आपल्या पायांनी निघालेलं बरं." चादरीला गाठ मारता मारता त्या थांबल्या. "हे कुठं आहेत?"

सासरे खोलीत नव्हते. घंटाघरात नव्हते. नवरा दारामागं बघून आला आणि म्हणाला, "फावडं नाही. कुदळही नाही."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग स्मशानाकडे जवळजवळ धावतच निघालो. मला नको येऊ म्हणाले, तरी मी गेले.

चर्चच्या मागं, भिंतीलगत, तापातल्या अकरा ढिगाऱ्यांच्या रांगेत बाराव्या जागी सासरे कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते. सदरा काढून ठेवलेला, बरगड्या घामानं चकाकत होत्या. घंटेनं हात गळाले असताना त्यांनी एवढं खणलं होतं, कारण टोले पडले म्हणजे खड्डा तयार पाहिजे, हे त्यांचं काम. आम्हाला बघून ते मोठ्यानं म्हणाले, "माप सांगा! मला कुणी मापच सांगितलं नाही. कोण आहे?"

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. उघडा खड्डा बघून त्यांचा सगळा धीर सुटला. "कुणी बघितलं तर," त्या पुटपुटत होत्या, "अगं बाई, हा उघडा राहिला तर. आज बासष्ट पडलेत. हा कुणालातरी घेतल्याशिवाय..."

मागं पाचोळा वाजला. नवे फादर उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते खड्ड्याच्या काठाशी आले आणि आत बघत राहिले.

"ते बहिरे आहेत," ते म्हणाले.

"हो, फादर," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत ही गोष्ट जुन्या फादरखेरीज बाहेरच्या माणसासमोर त्यांनी पहिल्यांदाच कबूल केली असेल. "खोल्या कधी रिकाम्या करायच्या तेवढं सांगा. भांडी बांधलीत मी."

नवे फादर खड्ड्याकडेच बघत होते. मग माझ्याकडे वळून, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही विसाला ओरडलात. मी शेजारीच होतो."

मी मान खाली घातली.

"मी एकतीस वर्षांचा आहे," ते म्हणाले. "तिसावा टोला पडला, तेव्हा मी भिंतीतला खिळा धरून उभा होतो. आठवडाभर तुम्हाला अडाणी म्हणत होतो मी." त्यांनी तळहात दाखवला. मधोमध लाल व्रण होता. "बत्तिसावा पडेपर्यंत मला प्रार्थनेतला एक शब्द आठवला नाही."

मग त्यांनी झग्याचा घेर वर घेऊन कमरेला खोचला, बूट काढून बाजूला ठेवले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाले, "फावडं एकच आहे का?"

"घमेलं आणतो," नवरा म्हणाला.

सासऱ्यांना हात देऊन वर काढलं. ते चक्रावून बघत होते. नवे फादर फावड्यानं माती परत आत लोटायला लागले. त्यांना सवय नव्हती, निम्मी माती त्यांच्याच पायांवर पडत होती. नवरा घमेल्यानं टाकत होता. सासूबाई हातांनी, मी पायानं. भिंतीपलीकडे डोकी दिसायला लागली होती. लोहार होता, शिंपीण होती, सुईणीची काठी दिसत होती. घंटा झाली म्हणजे खड्डा होणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. खड्डा बघायला आले होते, पण भिंतीच्या अलीकडे यायचं धाडस कुणात नव्हतं.

"सकाळी सहाला यांना कोण उठवतं?" नवे फादर धापा टाकत म्हणाले.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"मग उद्याही उठवा."

सासूबाई मातीत हात घालून तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी पुन्हा माती लोटायला घेतली, पहिल्यापेक्षा जोरात.

खड्डा काठोकाठ भरला. वर उरलेल्या मातीचा उंचवटा राहिला, शेजारच्या अकरांसारखा. नव्या फादरना तो बघवेना. ते त्यावर चढले आणि पायांनी तुडवायला लागले. मग नवरा चढला, मग सासूबाई, आणि नवऱ्याचा हात धरून मीही. उघड्या पायांनी आम्ही चौघं ती जमीन दाबत होतो. सासरे काठावर उभे. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला थडग्यावर असं नाचताना बघितलं नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू वेडावाकडा झाला.

"अरे, आत कोण आहे?" ते ओरडले. "कुणाला तुडवताय?"

सासूबाईंनी त्यांच्या दंडावर बोटांनी खुणा केल्या. त्यांना समजेना, की समजून घ्यायचं नव्हतं. "कोण आहे ते सांगा आधी!"

"यांना सांगायचं कसं?" नव्या फादरनी विचारलं.

"डाव्या कानात तोंड घालून ओरडलं तर थोडं पोचतं," सासूबाई म्हणाल्या. "पण ओरडलो नाही कधी आम्ही. लोकांना कळलं असतं."

नव्या फादरनी भिंतीवरच्या डोक्यांकडे एकदा बघितलं. मग सासऱ्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, डाव्या कानाला तोंड लावलं आणि त्या काटकुळ्या छातीत होती नव्हती तेवढी हवा लावून ओरडले,

"कोणी नाही!"

भिंतीवरची डोकी दचकून मागं सरली. झाडावरचे पक्षी उडाले. नदीवरच्या बायकांनीही ऐकलं म्हणे.

"कोणी नाही, बाबा! कोणी मेलेलं नाही!"

सासऱ्यांनी कानात बोट घालून हलवलं आणि नव्या फादरकडे रागानं बघितलं.

"मग एवढं ओरडता कशाला?" ते म्हणाले.